मुका राग: मराठा क्रांती मोर्चाचा प्रकरण अभ्यास (२०१६–२०१८)

कोपर्डी गावातल्या मुलीच्या बलात्कार-हत्येला न्याय आणि समाजाला आरक्षण मागत ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठा समाजाचा जो मोर्चा निघाला, त्यात घोषणा नव्हत्या. पुढाऱ्यांची भाषणे नव्हती. पुढच्या रांगांत शाळा-कॉलेजच्या मुली, त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे पुरुष, आणि आमदार-खासदार आलेच तर सगळ्यांच्या मागे. हा पहिला धरून पुढच्या वर्षभरात याच साच्याचे ५७ मोर्चे निघाले. ५८ वा बरोबर एका वर्षाने, ९ ऑगस्ट २०१७ रोजी, मुंबईत राणीच्या बागेपासून आझाद मैदानापर्यंत चालत गेला. मोर्च्याच्या वाटेवर शिस्त पाळली गेली, हे टीकाकारांनीही कबूल केले.

गर्दी चिडली की डोके गहाण टाकते, हा आपल्याकडचा सरसकट समज. या प्रकरणात तो टिकत नाही. लोक चिडलेले होते, लाखांनी होते आणि तरी गप्प होते. मात्र दोनच वर्षांनी त्याच समाजाचे ‘ठोक मोर्चे’ निघाले, बस जळाल्या, बंद झाले. राग तोच आणि मागण्याही बव्हंशी त्याच असताना मधल्या काळात काय बदलले, हे पाहण्यासाठी ही मांडणी.

कोपर्डीच्या आधी साठलेले

२०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस रुसला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान झाले होते, आणि शेतीच्या उत्पन्नावर मुलाची इंजिनिअरिंगची फी निघत नव्हती. जून २०१४ मध्ये तेव्हाच्या आघाडी सरकारने मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण जाहीर केले, निवडणुकीच्या तोंडावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे ताट वाढले आणि पुढ्यातून उचलले. काहीच न मिळण्यापेक्षा ही अवस्था माणसाला जास्त डाचते.

नुसती गरिबी माणसाला रस्त्यावर आणत नाही. तुलना आणते, आणि तीही बांधाला बांध असलेल्याशी. शेजारच्याच्या मुलाला कमी गुणांवर प्रवेश मिळाला, आपल्या मुलाचा हुकला, ही गोष्ट गावात आकडेवारीपेक्षा वेगाने फिरते. ती खरी किती, अर्धवट किती, हे कोणी तपासत बसत नाही.

पण इथे एक अडचण होती. आरक्षण मागायचे तर ‘आम्ही मागास आहोत’ असे चारचौघांत म्हणावे लागते. ज्या समाजातून राज्याचे बहुतेक मुख्यमंत्री, साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि गावचे पाटील आले, त्यातल्या दोन एकरवाल्या माणसाला हे म्हणणे जड जाते. त्याच्या मनात राग असतो, पण त्याला लाज चिकटलेली असते. राग माणसाला बाहेर काढतो, लाज घरात बसवते. १९८० च्या दशकापासून आरक्षणाची मागणी असूनही ती बराच काळ संघटनांच्या बैठकांपुरती राहिली, त्यामागे हे एक कारण आहे असे आम्हाला वाटते.

धक्का

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, कोपर्डी गावी, एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. मुलगी मराठा होती, आरोपी दलित.

अशा घटनेने बसणारा धक्का आंदोलनात बदलायला तीन गोष्टी लागतात. बळी पडलेल्या व्यक्तीत प्रत्येक घराला आपले माणूस दिसले पाहिजे. शाळेत जाणारी मुलगी कोणाच्या घरात नाही? व्यवस्थेने वेळेवर दखल घेतली नाही अशी भावना पसरली पाहिजे. सुरुवातीचे दिवस बातम्यांत घटनेला जागा मिळाली नाही, ही तक्रार तेव्हा सर्वत्र ऐकू येत होती. तिसरी गोष्ट म्हणजे तो धक्का वाहून नेणारी वाट. ती पाहुण्यारावळ्यांच्या आणि वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी आयती दिली.

कोपर्डीने आणखी एक गाठ सोडवली. मुलीला न्याय मागताना ‘आम्ही मागास’ म्हणावे लागत नाही. लाज बाजूला झाली आणि वर्षानुवर्षे आत अडकलेला राग या दारातून बाहेर पडला. दार न्यायाचे होते, पण त्यातून आरक्षण, शेतमालाचा भाव, अॅट्रॉसिटी कायदा (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा) असे सगळेच एकमेकांना धरून बाहेर आले. या प्रकरणातली बहुतेक गुंतागुंत इथून सुरू होते.

शांतता कशी बांधली

मोर्चा ‘सकल मराठा समाज’ या नावाने निघे. पक्ष नाही, संघटनेचे नाव नाही, अध्यक्ष नाही. आधी जिल्ह्याची नियोजन बैठक, मग तालुक्याच्या, मग गावोगावच्या. बैठकीतच आचारसंहिता वाचून दाखवली जाई. तपशील जिल्ह्यागणिक थोडे बदलत, पण गाभा असा होता: घोषणा द्यायच्या नाहीत, कोणत्याही जातीविरुद्ध फलक धरायचा नाही, फलकावर पुढाऱ्याचा फोटो नको, शिवाजी महाराज आणि जिजाऊ चालतील, व्यसन करून यायचे नाही, रस्त्यात रुग्णवाहिका आली तर वाट मोकळी करायची, पाण्याच्या बाटल्या, कागद टाकायचे नाहीत, आणि पडलेच तर शेवटची तुकडी गोळा करील. वाहने गावाबाहेर ठरलेल्या तळांवर लावायची आणि तिथून पायी यायचे. शेवटी काही मुली व्यासपीठावरून मनोगत मांडत आणि निवेदन वाचत, शिष्टमंडळाच्या मुलीच ते जिल्हाधिकाऱ्यांकडे देत, राष्ट्रगीत होई आणि लोक घरी जात.

यातला प्रत्येक नियम शोभेसाठी नव्हता, भावनेच्या एकेका धोक्यावर बसवलेला होता. मुली पुढे चालतात तेव्हा पोलिसांचा हात आखडतो, ही एक बाजू झाली. पण मागच्या पोरांचाही आखडतो, हे जास्त महत्त्वाचे. पुढच्या रांगेत स्वतःची बहीण आहे, गावातली वहिनी आहे. अशा वेळी दगड उचलणारा हात शेजारचाच धरतो.

घोषणा बंद केल्याने दोन गोष्टी टळल्या. घोषणेला प्रतिघोषणा येते, आणि दुसरी-तिसरी घोषणा नेहमी पहिलीपेक्षा तिखट असते, कारण टोळक्यात सर्वांत जोरात ओरडणाऱ्याचा भाव वाढतो. कोपर्डीनंतरच्या वातावरणात अशी एक घोषणा एखाद्या वस्तीसमोर दिली गेली असती, तर त्या दिवशी काय झाले असते हे सांगायला नको. दुसरे म्हणजे, भाषण नसले की वक्ता नसतो आणि वक्ता नसला की नेता तयार होत नाही. मोर्च्यातल्या लोकांचा राग सरकारवर होता तसाच, कदाचित जास्तच, आपल्याच समाजातल्या प्रस्थापित पुढाऱ्यांवर होता. ‘इतकी वर्षे सत्ता तुमच्याकडे होती, आमचे काय केले?’ हा प्रश्न कोणी बोलून दाखवत नव्हते. आमदारांना शेवटच्या रांगेत चालायला लावून तो विचारला गेला.

लाखभर माणसे एकाच चालीने, एकही शब्द न बोलता चालतात तेव्हा चालणाऱ्याला अंगावर काटा येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्कहाइम यांनी शंभर वर्षांपूर्वी धार्मिक विधींच्या संदर्भात या सामूहिक उचंबळण्याचे वर्णन केले; वारी चाललेल्या माणसाला त्यासाठी दुर्कहाइम वाचण्याची गरज नाही. फरक इतकाच, की वारीत टाळ-मृदंग असतात, इथे चपलांचा आवाज होता.

संख्येबद्दल थोडे. प्रत्येक मोर्च्यानंतर दहा लाख, वीस लाख, पन्नास लाख असे आकडे फिरले. ते तपासण्याचा हिशेब सोपा आहे. रस्ता २० मीटर रुंद आणि गर्दी ३ किलोमीटर लांब असेल, तर क्षेत्रफळ ६०,००० चौरस मीटर. चालत्या गर्दीत चौरस मीटरला साधारण दोन माणसे मावतात, दाटीने उभ्या गर्दीत चार. म्हणजे १ लाख २० हजार ते २ लाख ४० हजार. बाजूच्या गल्ल्या, वाहनतळ, उशिरा पोहोचलेले मिळवले तरी आकडा दुप्पट होईल, वीसपट होणार नाही. मोर्चे प्रचंड होते यात वाद नाही. पण फुगवलेल्या आकड्यांनी एक नुकसान केले: ‘आम्ही इतके आहोत, मग मिळत कसे नाही?’ हा पुढचा प्रश्न त्या आकड्यांतूनच उभा राहिला. ‘एक मराठा, लाख मराठा’ या वाक्यात हे ओझे आधीच होते.

पलीकडच्या गल्लीत

मोर्चातल्या माणसाला शांतता म्हणजे संयम वाटत होता. रस्त्याच्या कडेच्या वस्तीतून तोच मोर्चा पाहणाऱ्याला ती शांतता धाकाची वाटू शकत होती, आणि बऱ्याच जणांना वाटली. याचे कारण निवेदनातल्या एका ओळीत होते: अॅट्रॉसिटी कायद्याचा दुरुपयोग थांबवा, त्यात दुरुस्ती करा. १९८९ च्या या कायद्याला अधिक कडक करणारी सुधारणा २६ जानेवारी २०१६ पासून, म्हणजे कोपर्डीच्या सहाच महिने आधी, लागू झाली होती. दलित समाजासाठी हा कायदा म्हणजे खैरलांजीचे दलित कुटुंबाचे हत्याकांड (२००६) आणि खर्डा (२०१४) यांच्यानंतर उरलेला आधार. त्यातले खर्डा तर कोपर्डीच्याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले. तिथे एका दलित मुलाची हत्या झाली होती.

तेव्हा एका बाजूच्या रागाने दुसऱ्या बाजूला भीती निर्माण केली. भीतीही एकटी बसत नाही, ती संघटित होते. २०१६ च्या उत्तरार्धात अनेक जिल्ह्यांत दलित-बहुजनांचे प्रतिमोर्चे निघाले, तेही मोठे. आपल्या वाट्याला धक्का लागेल या शंकेने ओबीसी संघटनाही सावध झाल्या. प्रतिमोर्चाला मूक मोर्च्यासारखी शिस्त पाळावीच लागली, हा एक गमतीचा परिणाम. कोणाच्याही गर्दीने दगड मारला असता तर नैतिक बाजी दुसऱ्याकडे गेली असती.

शिस्तीची हद्दही लवकरच दिसली. नाशिकचा मूक मोर्चा २४ सप्टेंबरला शांततेत पार पडला. दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबरात, त्याच जिल्ह्यात अंजनेरीजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवरील अत्याचाराच्या घटनेनंतर जाळपोळ झाली, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, इंटरनेट बंद करावे लागले. आचारसंहिता मोर्च्याच्या दिवसाला आणि मोर्च्याच्या रस्त्याला लागू होती. ज्या दिवशी बैठक नाही, स्वयंसेवक नाहीत, पुढच्या रांगेत बहीण नाही, त्या दिवशी भावनेला जुनी वाट मोकळी होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयात दोन निकाल लागले. खर्डा प्रकरणातले सर्व आरोपी सुटले. बहुतेक साक्षीदार फितूर झाले होते. त्यानंतर काही दिवसांत, २९ नोव्हेंबरला, कोपर्डीच्या तिन्ही दोषींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन्ही निकालांची कायदेशीर कारणे वेगळी होती. लोकांनी मात्र ते शेजारी-शेजारी ठेवूनच वाचले.

एका निवेदनात पाच घड्याळे

शासनाकडे दिलेल्या निवेदनात सर्वसाधारणपणे पाच मागण्या असत. कोपर्डीच्या आरोपींना फाशी, मराठा आरक्षण, अॅट्रॉसिटी कायद्यात बदल, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे खर्चाच्या दीडपट हमीभाव, आणि अरबी समुद्रात शिवस्मारक. प्रत्येक मागणीमागची भावना वेगळी, ती पुरी व्हायला लागणारा वेळ वेगळा, आणि ती पुरी करण्याचा अधिकार असलेली कचेरीही वेगळी. निवेदन मात्र सगळे एकाच टेबलावर जाई, जिल्हाधिकाऱ्यांच्या, ज्यांच्या हातात यातले काहीच नव्हते.

सरकारने सर्वांत स्वस्त मागणीपासून सुरुवात केली. १४ डिसेंबर २०१६ रोजी नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा गेला, आणि २४ डिसेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते शिवस्मारकाचे जलपूजन झाले. अभिमानाची मागणी अभिमानाने भागली, निदान त्या दिवसापुरती. कोपर्डीचे दुःख खटल्याच्या गतीने चालले आणि निकालाला पोहोचले. हमीभावाचा राग जून २०१७ मधल्या शेतकरी संपाकडे वळला. अॅट्रॉसिटीचा प्रश्न तर भलत्याच वाटेने गेला: मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, कायद्याची धार कमी केली, २ एप्रिलला देशभर बंद झाला आणि ऑगस्टमध्ये संसदेने मूळ तरतुदी परत आणल्या.

उरले आरक्षण. ते सर्वांत अवघड, कारण इंद्रा साहनी खटल्यापासून (१९९२) एकूण आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा समोर उभी. राज्य मागासवर्ग आयोग, सर्वेक्षण, अहवाल, विधेयक, आणि मग न्यायालय, हा रस्ता वर्षांचा आहे. मोर्च्याने निर्माण केलेली भावना महिन्यांची होती. मुंबईच्या मोर्च्यादिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ६०५ अभ्यासक्रमांसाठी ओबीसींसारखी शैक्षणिक शुल्क सवलत, जिल्ह्याजिल्ह्यात वसतिगृहे आणि मंत्रिमंडळ उपसमिती जाहीर केली. धोरण म्हणून हे कमी नव्हते. पण शुल्क सवलतीचा शासन निर्णय कॉलेजच्या खिडकीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि आझाद मैदानावरून परतलेल्या माणसाने गावात ‘काय मिळाले?’ या प्रश्नाला काय सांगायचे?

इथे मूक मोर्च्याचा सर्वांत मोठा गुण त्याचा दोष ठरला. नेता नसल्याने मोर्चा विकला गेला नाही, फुटला नाही. नेता नसल्यानेच वाटाघाटीला कोण बसणार, किती मिळाले म्हणजे पुरे, आणि ‘आता थांबा’ हे कोण सांगणार, याचीही सोय नव्हती. मुंबईत शिष्टमंडळ चर्चेला गेले तेव्हा ते कोणाचे प्रतिनिधी, यावरून नंतर बराच कलह झाला. शांतता दुःखाला शोभते. सौद्याला तोंड उघडावे लागते.

मतपेटी

एवढे मोर्चे निघाल्यावर सत्ताधाऱ्यांचे पानिपत होणार, असा अंदाज बहुतेकांनी बांधला. २०१६ च्या अखेरीस नगरपालिका आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये २५ जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. दोन्हीकडे सत्तेतला भाजप पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला.

राग मतात उतरायचा तर त्याला पत्ता लागतो: हे कोणामुळे झाले, आणि कोणाला मत दिले तर ते बदलेल? मूक मोर्च्याने पत्ता जाणूनबुजून कोरा ठेवला होता. राग सरकारवर, तसा जुन्या सत्ताधाऱ्यांवरही. मोर्चात चालणारा माणूस घरी परतला की पुन्हा त्याच्या गटाचा, भावकीचा, सोसायटीच्या चेअरमनचा होई. शिवाय मराठा मतांच्या एकवटण्याने इतर समाज दुसरीकडे एकवटण्याची शक्यता होती, आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने लोकांचे लक्ष काही महिने बँकेच्या रांगेत अडकवले होते.

शांतता सुटली

२०१८ मध्ये राज्य सरकारने ७२ हजार पदांची मेगाभरती जाहीर केली. आरक्षणाआधी भरती झाली तर पुन्हा हुकणार, ही भावना अर्ज भरणाऱ्या पिढीत पेटली. आता घड्याळ लोकांच्याच हातात आले होते, आणि ते भरतीच्या तारखेवर टेकले होते. जुलैच्या मध्यात परळीत ठिय्या सुरू झाला. आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांना करू देणार नाही, असे जाहीर झाले आणि मुख्यमंत्री गेले नाहीत. त्याच दिवशी, २३ जुलैला, कायगाव टोका येथे गोदावरीत आंदोलनादरम्यान एका तरुणाचा मृत्यू झाला. दोन दिवसांत मुंबई-नवी मुंबईत बंदला हिंसक वळण लागले, ३० जुलैला चाकणला बस जळाल्या.

या गर्दीची रचना पाहिली की फरक उलगडतो. मुली पुढे नव्हत्या. नियोजनाला दोन-तीन आठवडे नव्हते, रात्रीतून निरोप फिरत होते. ठरलेला रस्ता, ठरलेली सांगता, राष्ट्रगीत, यांपैकी काही नव्हते. बंद कधी संपला हे सांगणारी खूण नसली की तो संध्याकाळी सर्वांत तापलेल्या टोळक्याच्या हाती जातो. ‘मूक’चे ‘ठोक’ हे नावातले यमकही मागच्या वर्षाच्या संयमाला चिमटा काढणारे होते: गप्प बसून काय मिळाले?

उत्तर त्याच वर्षी आले. १५ नोव्हेंबरला न्या. गायकवाड आयोगाचा अहवाल, २९ नोव्हेंबरला विधेयक, ३० पासून १६ टक्के आरक्षणाचा कायदा. जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणून टिकवला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आयोगाचे काम ‘ठोक’ आंदोलनाच्या आधीपासून चालू होते. लोकांच्या आठवणीत मात्र क्रम असा बसला की वर्षभर चाललो तेव्हा समिती मिळाली आणि आठवडाभर पेटलो तेव्हा कायदा मिळाला. पुढचे आंदोलन या आठवणीवर उभे राहणार होते.

ते १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणावर झालेल्या लाठीमारानंतर राज्यभर पसरले. या वेळी एक चेहरा होता, मनोज जरांगे पाटील. बोली गावची होती, आणि रागाला पत्ताही होता. पुढच्या वर्षी, २०२४ च्या एप्रिल-मेमधल्या लोकसभा निवडणुकीत, मराठवाड्यात भाजपने लढवलेल्या चारही जागा गेल्या. सहा महिन्यांनी, विधानसभेच्या वेळी, जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचे जाहीर केले, ओबीसींची एकजूट तोवर घट्ट झाली होती, लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यांत जमा होत होते, आणि त्याच मराठवाड्याने बहुतेक जागा महायुतीला दिल्या.